लाइट आली, पण पावती येईना



आम्ही खेड तालुक्यातल्या निघोज्याच्या बचत गटाच्या बाया. आमचं गाव चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात. एका अंगाला मोटारींचा भला मोठा कारखाना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, आणि मधे जे रान शिल्लक आहे त्यावर अजून गायी-म्हशी पोसल्या जातात. आमचा गट सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करतो. पण आज आम्ही दुधाबद्दल बोलणार नाही, दुधाच्या पावतीबद्दल बोलणार आहोत, आणि ती पावती छापणाऱ्या छोट्या प्रिंटरबद्दल. लाइट गेली, परत आली, सगळे दिवे लागले, पण पावती काही येईना, असं झालं तर काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं पाहायचं, ते सांगतो. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. यात पाना-पेचकस फारसा लागत नाही.

आधी पावतीचं सांगतो. तारीख, सकाळ की संध्याकाळ, बाईचा नंबर, दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय आणि पैसे किती, एवढं सगळं त्या बोटभर कागदावर असतं. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. म्हणजे एका आकड्याच्या फरकानं दहा दिवसांचं बिल हलतं. ज्या घरात गाय पुरुषाच्या नावावर, गोठा सासऱ्याच्या नावावर, तिथे बाईच्या हातात तिच्या कष्टाचा पुरावा म्हणून ही पावतीच असते. आमच्या गटात एक आजी आहेत. त्या पावत्या पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवतात आणि बिलाच्या दिवशी नातीकडून बेरीज करून घेतात. बिल आणि बेरीज जुळली तरच सही. २०२४ मध्ये सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा जनावराच्या कानातल्या बिल्ल्यापासून बँक खात्यापर्यंत सगळ्या नोंदी जुळाव्या लागल्या. ज्या बायांच्या पावत्या नीट होत्या त्यांना सोपं गेलं.

आता प्रसंग. मे महिन्यातली संध्याकाळ. वळीव नेमका दूध घालायच्या वेळीच येतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आभाळ भरून आलं, वारं सुटलं, केंद्रातला दिवा एकदम लख्ख झाला, पंखा वेड्यासारखा फिरायला लागला आणि दोन-तीन क्षणांत सगळं अंधारलं. तासाभरानं लाइट आली. काटा चालू झाला. फॅट काढायचं मशीन चालू झालं. कॉम्प्युटर चालू झाला. प्रिंटरवरचा हिरवा दिवाही लागला. पहिल्या बाईचं दूध मोजलं, पडद्यावर आकडे आले, छपाईचं बटण दाबलं, आणि प्रिंटर गप्प. परत दाबलं, परत गप्प.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यांनी न येता, फोनवरच सांगितलं, "सर्ज आला असणार, प्रिंटर उडाला, नवा घ्या." नव्या प्रिंटरची किंमत आमच्या गटाच्या चार महिन्यांच्या बचतीएवढी.

रांगेत कुजबुज सुरू झाली होती. एकजण म्हणाली, "छापून येत नाही म्हणजे फॅटपण आता हातानंच लिहिणार का?" तिचं बोलणं आम्हाला झोंबलं, पण ते खरं होतं. ज्या केंद्रात आकडा मशीन सांगतं तिथे बाईला कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून त्याच वेळी ठरवलं की पावतीपुस्तक काढायचं, कार्बन घालून दोन प्रती करायच्या, आणि आकडा लिहिण्याआधी बाईनं स्वतः मशीनच्या पडद्यावर पाहून तो मोठ्यानं म्हणायचा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी मागच्या बाईनं म्हणायचं. दोन दिवस असंच चाललं. थोडा उशीर झाला, पण भांडण एकही झालं नाही. प्रिंटर बिघडो न बिघडो, असं एक पुस्तक आणि दोन कार्बन कपाटात हवेतच.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती मशीनच्या देखभालीवर आहे. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून ती मल्टिमीटर घेऊन आली. चहा ठेवतो म्हटलं तर म्हणाली, "काकू, चहा मागाहून. आधी सांगा, प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आहेत का?" नव्हते. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, यूपीएसवर. प्रिंटर खिडकीपाशी, बाहेरच्या बोर्डावर. मधे वीसेक फुटांची केबल. "मग घोटाळा बहुतेक या केबलच्या दोन टोकांपैकी एकावर असणार," ती म्हणाली.

का, ते तिनं समजावलं ते असं. प्रिंटरला दोन वायरी येतात. एक विजेची, ती त्याला जेवण देते. दुसरी कॉम्प्युटरकडून येते, ती त्याला निरोप देते. हिरवा दिवा लागला म्हणजे जेवण पोचलं. निरोप पोचतोय की नाही हे त्या दिव्याला माहीत नसतं. निरोपाची ही केबल सिरियल म्हणून ओळखली जाते, कारण अक्षरं एकामागून एक, रांगेनं जातात. तिच्या पद्धतीचं नाव आरएस-२३२. ही पद्धत १९६० सालची, अमेरिकेत ठरलेली. घरच्या कॉम्प्युटरवरून ती केव्हाच गेली, पण वजनकाटे, फॅट मशीन, पावतीचे प्रिंटर आणि आमच्या आसपासच्या कारखान्यांतली कितीतरी यंत्रं अजून तिच्यावरच बोलतात. साधी आहे आणि टिकते. तिच्या टोकाला नऊ पिनांचा चपटा प्लग असतो, दोन्ही बाजूंना दोन स्क्रू असलेला.

या केबलमधून जाणारी वीज अगदी किरकोळ असते. उणे बारा-पंधरा व्होल्टपासून अधिक बारा-पंधरा व्होल्टपर्यंत ती खालीवर होते आणि त्यातून अक्षरं बनतात. दोन्ही टोकांना हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडी मोठी, काळी, पायवाली चिप असते. ती साधारण पंचवीस-तीस व्होल्टपर्यंत सहन करते, त्यापुढे नाही. आता त्या संध्याकाळी काय झालं असणार? आपल्या खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट आणि दोन फेजमधे सुमारे ४०० व्होल्ट. वाऱ्यात न्यूट्रलची तार ढिली झाली किंवा तुटली की हे गणित बिघडतं. एका घरातला दिवा डोळे दिपवतो, शेजारच्या घरातला मिणमिणतो. जवळपास वीज पडली तरी तारांमधून असाच धक्का येतो. अशा वेळी आतल्या बोर्डाची अर्थिंग आणि बाहेरच्या बोर्डाची अर्थिंग यांच्यात क्षणभर फार मोठा फरक पडतो. आणि या दोन बोर्डांना जोडणारा सोपा रस्ता कोणता? प्रिंटरची केबल. कारण तिच्यातली पाच नंबरची तार दोन्ही यंत्रांच्या जमिनी एकमेकींना जोडते. निरोपाच्या पायवाटेवरून पूर घुसतो. जेवणाच्या वाटेवर फ्यूज असतो, राखण असते. निरोपाच्या वाटेवर कोणीच नसतं. मग ती चिप जळते आणि बाकीचं यंत्र वाचतं. म्हणूनच सगळे दिवे लागतात आणि पावती येत नाही.

आता तपासणी. जळका वास येत असेल, प्लगपाशी काळं पडलं असेल किंवा यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इथेच थांबायचं, मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं. तसं काही नसेल तरच पुढे.

पहिल्यांदा प्रिंटरचं स्वतःचं काय ते पाहायचं. प्रिंटर बंद करा, केबल काढा, मग कागद पुढे सरकवायचं फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून प्रिंटर चालू करा. बहुतेक पावती-प्रिंटर अशा वेळी स्वतःची चाचणी छापतात. यात कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. आमच्या प्रिंटरनं टर्रर्र करत हातभर कागद छापला, स्वच्छ अक्षरांत. ती पोरगी हसली. "काकू, हा उडालेला नाही. जिवंत आहे." त्या कागदावर प्रिंटरच्या सेटिंगही छापून आल्या होत्या: वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही. तो कागद फेकू नका, पुढे लागतो. आणि ही चाचणीच छापली नाही तर मात्र दोष प्रिंटरच्या पोटात आहे, मग दुरुस्तीवाला हवाच.

मग केबल. हे फार साधं आहे, पण बऱ्याचदा इथेच सुटतं. दोन्ही यंत्रं बंद करून केबल दोन्हीकडून काढली, पिना पाहिल्या. एखादी वाकलेली, हिरवट पडलेली? खिडकीपाशी दमट हवा आणि दुधाचे शिंतोडे असतात, पिनांवर थर बसतो. पुसून परत घट्ट बसवली, स्क्रू आवळले. पावती नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही केबल यंत्रं चालू असताना काढायची-घालायची नाही. मोबाइलच्या चार्जरसारखी ती नसते.

तिसरी पायरी कॉम्प्युटरवरची. आमच्या कॉम्प्युटरला मागे जुना नऊ पिनांचा पोर्ट आहे, त्याचं नाव कॉम १. त्यावर प्रिंटर. फॅट मशीनसाठी मात्र यूएसबीचा कन्व्हर्टर लावलेला आहे, त्याचं नाव कॉम ३. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "पोर्ट्स" उघडलं की ही नावं दिसतात. कॉम १ तिथे दिसत होता, त्याच्यावर पिवळं चिन्हही नव्हतं. दुधाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रिंटरसाठी कॉम १ च लिहिलेलं होतं. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. पण नाव दिसणं म्हणजे काम करणं नव्हे. चिप जळाली तरी कॉम्प्युटर पोर्टचं नाव दाखवत राहतो.

मग तिनं तारेची चाचणी केली. कॉम्प्युटर बंद करून कॉम १ च्या पिनांकडे बॅटरी धरली. पिनांशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. दोन नंबरची पिन ऐकायची, तीन नंबरची बोलायची. पातळ तांब्याच्या तारेनं फक्त या दोन पिना एकमेकींना जोडल्या. म्हणजे कॉम्प्युटरचं तोंड त्याच्याच कानाला लावलं. कॉम्प्युटर चालू केला, पुट्टी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं, त्यात सिरियल निवडून कॉम १ टाकलं, फ्लो कंट्रोल काही नाही असं ठेवलं आणि अक्षरं टाइप केली. पोर्ट चांगला असेल तर टाइप केलेलं अक्षर फिरून परत येतं आणि पडद्यावर दिसतं. आमच्या पडद्यावर काहीच आलं नाही. मग हीच चाचणी कॉम ३ च्या कन्व्हर्टरवर केली. टाइप केलेलं सगळं दिसलं.

खात्रीसाठी मल्टिमीटर. पुट्टी उघडं ठेवून मीटरची एक काडी पिन पाचवर, दुसरी पिन तीनवर. काही पाठवत नसताना बोलायच्या पिनेवर उणे व्होल्टेज हवं, उणे पाचपासून उणे बारापर्यंत कुठेतरी. कन्व्हर्टरवर उणे सहाच्या आसपास आलं. कॉम १ वर शून्य. आणि शेवटी, फॅट मशीन थोडा वेळ बाजूला ठेवून त्याच कन्व्हर्टरवर प्रिंटरची केबल लावली, सॉफ्टवेअरमध्ये कॉम १ च्या जागी कॉम ३ केलं, छपाई दाबली.

पावती आली.

त्या वेळी रांगेत ज्या बाया होत्या त्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. चहा त्यानंतर झाला. आमचा प्रिंटर धडधाकट होता, केबल धडधाकट होती. गेली होती ती कॉम्प्युटरच्या मागची एक चिप. नव्या प्रिंटरच्या किमतीपुढे नवा कन्व्हर्टर म्हणजे किरकोळ खर्च. आणि नवा प्रिंटर आणून त्याच मेलेल्या पोर्टला लावला असता तर तोही गप्पच बसला असता, मग केबल बदला, मग कॉम्प्युटर बदला, असं सुरू झालं असतं. फोनवर निदान सांगणाऱ्याला म्हणूनच विचारायचं, "चाचणी कोणती करून सांगता?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गटाच्या पैशाचा हिशेब आपल्यालाच द्यायचा असतो.

तुमच्याकडे दोष वेगळा निघू शकतो, म्हणून थोडं त्याबद्दल. पावती येते पण तिच्यावर अक्षरांऐवजी चिन्हं, चौकोन, वेडंवाकडं काहीतरी येतं, तर बहुधा वेग जुळत नाही. प्रिंटर ९६०० नं ऐकतोय आणि कॉम्प्युटर २४०० नं बोलतोय. विजेच्या झटक्यानं एखाद्या यंत्राची आठवण पुसली जाते आणि ते कारखान्यातून आलं तेव्हाच्या सेटिंगवर परततं. प्रिंटरनं छापलेला तो चाचणीचा कागद काढा आणि सॉफ्टवेअरमधले आकडे त्याच्याशी जुळवा. चार-पाच ओळी नीट येऊन पुढच्या गायब होतात किंवा प्रिंटर मधेच अडकतो, तर "थांब, माझं ताट भरलंय" हा प्रिंटरचा निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचत नसतो. त्याला हँडशेक म्हणतात, तीही सेटिंग दोन्हीकडे सारखी लागते. कधीकधी केबलमधली त्या निरोपाचीच तार तुटलेली असते.

यूएसबी कन्व्हर्टर वापरणाऱ्यांकडे आणखी एक गंमत होते. लाइट गेल्यावर कोणीतरी सगळं काढून ठेवतं आणि परत लावताना दुसऱ्या भोकात लावतं. कॉम्प्युटर त्याला नवा नंबर देतो, कॉम ३ चा कॉम ५ होतो, आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ वर हाका मारत बसतं. यंत्र बिघडलेलं नसतंच. यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे टिकली. प्रिंटरच्या कन्व्हर्टरवर लाल टिकली आणि त्याच्या भोकाशेजारीही लाल टिकली, फॅट मशीनला हिरवी. दोन्ही सारखे दिसतात, पण आता कोणी चुकत नाही.

आणि तारीख बघा. कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ म्हणून दुकानात मागायचा. तो उतरला असेल तर लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. पावती झकास छापून येते, पण तारीख चुकीची. बिलाच्या वेळी ते दूध सापडत नाही. लाइट येऊन पहिली पावती निघाली की आमच्याकडे आधी तारीख वाचतात, मग फॅट.

केबल नवी घ्यायची वेळ आली तर जुनी सोबत घेऊन जा. सरळ केबल आणि उलटी केबल दिसायला अगदी सारख्या असतात. एकीत दोन नंबर दोनला जोडलेला असतो, दुसरीत दोन तीनला. चुकीची आणली की दोन्ही यंत्रं एकाच वेळी बोलतात आणि ऐकत कोणीच नाही.

हे परत होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं तेही सांगतो. सगळ्यात मोठा बदल म्हणजे काटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर आणि प्रिंटर, चारही यंत्रं आता एकाच बोर्डावर, एकाच यूपीएसमधून चालतात. सगळ्यांची जमीन एकच झाली की केबलमधून पूर यायचं कारण बरंच कमी होतं. दुसरं, अर्थिंग. परवाना असलेल्या वायरमनला बोलावून मोजमाप करून घेतलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी कमी, दोन-तीन व्होल्ट. आमच्या बाहेरच्या बोर्डाला अर्थची तार भोकापर्यंत आलेलीच नव्हती, तीन पिनांचं सॉकेट नुसतं शोभेला. हे मोजमाप घरच्या पोराकडून करून घेऊ नका, तिथे २३० व्होल्ट असतात. सर्ज प्रोटेक्टर लावलेलं बोर्ड बाजारात मिळतं, ते चांगलंच, पण अर्थिंग नसेल तर त्याचा अर्धा उपयोग जातो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, हे काम आमच्याकडे रोज केंद्र धुणाऱ्या ताईंकडे आहे. ज्यांच्याकडे खोली आणि खिडकीचं अंतर जास्त आहे आणि एकच बोर्ड करता येत नाही त्यांनी दुरुस्तीवाल्याकडे ऑप्टो-आयसोलेटर मागावा. तो केबलमध्ये बसतो आणि निरोप उजेडाच्या झोतानं पलीकडे पाठवतो. मधे तार जोडलेलीच नसते, म्हणून वीज पलीकडे जात नाही.

वळवाच्या दिवसांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" ॲप मोबाइलवर ठेवा. आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडत असतील तर ते दाखवतं. इशारा दिसला की यंत्रं बंद करून प्लग आणि केबल दोन्ही काढायच्या. नुसता स्विच बंद करून भागत नाही. पण हे ढग लांब असतानाच करायचं. डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावायला जायचं नाही, यंत्र गेलं तर जाऊ दे. दिवा एकदम लख्ख झालेला दिसला तर मेन स्विच खाली पाडायचा आणि १९१२ वर तक्रार नोंदवायची. न्यूट्रल तुटला असेल तर ते एका घराचं प्रकरण नसतं, अख्ख्या आळीचे फ्रिज आणि टीव्ही त्यात जातात.

शेवटी एक कागद. आमच्या प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो चिकटवलेला आहे, वर पारदर्शक पट्टी. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: प्रिंटर कॉम ४, लाल टिकली. फॅट मशीन कॉम ३, हिरवी टिकली. वेग ९६००, आठ, पॅरिटी नाही, एक. केबल सरळ. खाली चाचणी कशी करायची ते दोन ओळींत, आणि सर्वांत खाली कार्बनचं पावतीपुस्तक कोणत्या कपाटात आहे ते. तुमच्या प्रिंटरचे आकडे वेगळे असतील. यंत्र नीट चालू आहे तेव्हाच, आजच संध्याकाळी दूध घालून झालं की, फीडचं बटण दाबून तो कागद छापून घ्या आणि झाकणाखाली चिकटवा.